कुंकवाच्या रेकॉर्डी

मलकापूर,
खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

अहो,

'प्रिय' लिहायला हात धजावत नाही. जन्मभर 'अहो'वर भागलं, आता पत्रातच थाट कशाला? तसं हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. तुम्ही मला सोडून कुठे राहिलात कधी, म्हणून लिहायचं? लांबात लांब म्हणजे एखाद्या गावची जत्रा, तीन दिवसांची. यायचात ते घसा बसवून आणि डोळे तांबारून. आता मात्र जाऊन पाच वर्षं झाली, आणि पत्ताही ठेवला नाहीत!

मग आजच का लिहायला बसले? उद्या खंडेनवमी. दरवर्षी आदल्या दिवशी मी माळ्यावरच्या रेकॉर्डी उतरवून पुसत बसायची. आज दुपारी सवयीनं स्टूल ओढलं, पाय ठेवला आणि मग आठवलं. माळा रिकामा आहे. रेकॉर्डी मी विकल्या.

लिहून टाकलं एकदाचं! आता रागवायचं तर रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या. कारण या भानगडीत तुमचंही एक बिंग फुटलंय.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्याकडे एक मशीन, एक कर्णा आणि वीसेक रेकॉर्डी होत्या. आसपासच्या गावांत लग्न कुणाचंही असो, गाणी तुमची. मी चौदा वर्षांची, शाळेची पायरी न चढलेली. पहिल्याच दिवशी तुम्ही मला काय बजावलं होतं? "काळ्या भागाला बोट लावायचं न्हाई. धरायची ती कडंनं, न्हाईतर मधल्या कागदाला." हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

तुम्ही गाडीत सामान भरायचात आणि तिकडून ओरडायचात, "आगं, ती लाल कागदाची आण! ती न्हवं, लांब नावाची!" लांब नाव कुठलं आणि आखूड कुठलं, हे कळायला मी त्या गोल कागदावरची अक्षरं न्याहाळू लागले. गाणी मला ऐकून पाठ होतीच. त्यांची पहिली ओळ कागदावर छापलेली असायची. तोंडानं गाणं म्हणत त्यावरून बोट फिरवायची. एक अक्षर ओळखीचं झालं, मग दुसरं, मग काना, मग वेलांटी. लोकांची पोरं पाटीवर शिकली, मी रेकॉर्डीवर. माझी पाटी फिरती!

दोन वर्षांनी एकदा तुम्ही जेवत होतात आणि मी पुडीचा कागद वाचून दाखवला. तुमचा घास हातातच राहिला. "तुला कुणी शिकिवलं गं?" म्हणालात. मी म्हटलं, "तुमच्याच मशीननं." मग सांगा, त्या रेकॉर्डी विकताना माझ्या जिवाला बरं वाटलं असेल का?

आणि ती वेशीची रीत! दुसरे स्पीकरवाले पंगती उठल्या की वायरी गुंडाळायला घ्यायचे. तुम्ही नवरीची गाडी जुंपली की झाडावर चढून कर्णा वेशीकडे फिरवायचात. रेकॉर्ड ठरलेली, एकच. गाडी नजरेआड होईस्तोवर वाजायची. "म्हायेरचा आवाज जाईल तितका लांब जाऊ दे," म्हणायचात.

वन्संच्या लग्नात तो बैल बुजला, वायर शिंगात अडकली, मशीन टेबलावरून खाली आलं आणि नेमका त्याच रेकॉर्डीला चरा पडला. तेव्हापासून सुई तिथे अडखळायची, एकच शब्द तीनदा. किती पोरी नेमक्या तिथेच मागे वळून बघायच्या! बायका म्हणायच्या, "स्पीकरवाल्या दादांची सुई पोरीला माघारी बोलावतीया."

मग कॅसेटी आल्या. तुम्हीच पहिल्यांदा आणल्यात, आणि रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. तोवर विसाच्या तीनशेच्या वर झालेल्या. मशीन बदललं तरी आदल्या दिवशी पुसलेल्या रेकॉर्डी मी खंडेनवमीला एकेक पुजायची आणि पुन्हा रचायची. त्यांनी आपल्याला पोसलं होतं. हत्यार जुनं झालं म्हणून त्याची पूजा थोडीच सुटते?

आणि मग तो दिवस. तुम्ही मशीनचा कसला तरी भाग आणायला म्हणून सांगलीला गेला होतात. संध्याकाळच्या एस.टी.नं आलात ते तोंड पाडून. विलासनं नेमकं तेव्हाच बोलायचं ठरवलं. "अण्णा, त्या माळ्यावरच्या रेकॉर्डी काढून टाकूया का?" एवढंच म्हणाला पोरगा. तुम्ही केवढे कडाडलात! "रेकॉर्डी इकणारा आन् म्हातारा बैल खाटकाला देणारा, दोघं एकाच माळंचं मणी! या घरात पुन्यांदा ही गोष्ट काढायची न्हाई!"

मी तर कपाळाला हात लावून तुमच्यासाठी चहा टाकायला पळाले. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. पण ते वाक्य काही गेलं नाही. ते माळ्यावर रेकॉर्डींच्या शेजारी जाऊन बसलं.

तेव्हापासून मी राखण केली. उंदरांपासून, ओलीपासून, विलासपासून. तुमच्या मागं मला एवढं एकच काम तुम्ही नेमून दिलंय, असं वाटायचं.

विलासनं यंदा सीडीचं मशीन आणलं. कॅसेटीसुद्धा आता पेटीत गेल्या बरं का! आरशासारखी चकती. एका चकतीत पंधरा-सोळा गाणी. त्यानं मला समोर बसवून वाजवून दाखवलं. गाणं आपलंच, जुनं. पण मला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं.

"खरखर कुठं गेली रं?"

"आई, ती जावी म्हणून तर हे मशीन घेतलं!"

असेल बाबा. मला मात्र बिनफोडणीची आमटी खाल्ल्यासारखं झालं.

पुढं श्रावणात माळा गळला. रेकॉर्डींच्या पाकिटांना बुरशी धरली. कुणाला न सांगता मी स्टुलावर चढले आणि पडले. हाड शाबूत राहिलं, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला. विलास आधी घाबरला, मग सगळी खोकी माझ्या अंथरुणाजवळ उतरवून चिडला.

"अण्णांचा शब्द मोठा का तुझं हाड मोठं? आन् दिवाळीनंतर तुझ्याच लेकीचं, सुमीचं लग्न हाय. पाव्हणं कुठं निजवायचं? तुझ्या उशापायथ्याला खोकी रचून ठेवल्यात!"

"पाव्हणं ओसरीवर निजतील."

"आन् तू?"

तो जबरदस्ती करणारा नाही, तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी म्हणाला, "आई, तू म्हणशील तसंच हुईल. पण एकदा कुणालातरी दाखवूया तरी." रेडिओ दुरुस्त करणारे सांगलीचे गणूभाऊ आता जुन्या रेकॉर्डी घेतात, असं त्याला कळलं होतं. तुमचेच जुने दोस्त. मी म्हटलं, नुसतं बघून जाऊ देत. आणि पितृपंधरवड्यात नको, घट बसल्यावर येऊ देत.

तिसऱ्या माळेला ते आले. चार रात्री मला झोप नव्हती. तुमच्या फोटोला रोज विचारायची, "आवं, काय करू?" तुम्ही आपले पटका बांधून गप्प!

गणूभाऊंनी पहिलं खोकं उघडलं, वरची रेकॉर्ड काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्यानं हसले. "वैनी, अजून तसंच हाय की कुंकू!"

मी म्हटलं, "अजून म्हंजी? तुमी कवा बघितलंसा?"

त्यांनी जीभ चावली. विलासकडे बघितलं, छताकडे बघितलं. "चहा झाला का वैनी?" म्हणाले.

"चहा मिळंल. आधी बोला."

अहो, मी सोडते होय? तुम्ही त्यांना शपथ घातली होती म्हणे, हिला सांगायचं नाही म्हणून. "पर आता दादाच न्हाईत, शपथ कुणाची पाळू?" असं म्हणून त्यांनी सगळं ओकलं.

त्या दिवशी तुम्ही मशीनचा भाग आणायला गेलाच नव्हतात! पिशवीत दहा रेकॉर्डी घालून गणूभाऊंच्या दुकानात गेला होतात. विकायला! "गण्या, आता हे कोण ऐकतंय? माळ्यावर मरण्यापरास ऐकणाऱ्याच्या घरी जाऊ देत," असं तुम्हीच म्हणालात. आणि गणूभाऊंनी त्या परत केल्या. का? तर तेव्हा घेणारे सगळे हौशी लोक, काचेच्या कपाटात मांडणारे. त्यांना मधला कागद कोरा करकरीत लागायचा. आणि आपल्या प्रत्येक रेकॉर्डीच्या कागदावर कुंकू! एकेका वर्षाचं एकेक बोट. ओल्या बोटानं लावलेलं, कागदात मुरलेलं. नावसुद्धा वाचता येईना.

मग सांगा, मी दुसरं कुठं लावणार होते? काळ्या भागाला बोट लावायचं नाही, हे कुणी बजावलं होतं? मी आपली शहाण्यासारखी तीस वर्षं मधल्या कागदालाच लावत आले. जी अक्षरं बघून वाचायला शिकले, तीच कुंकवानं बुजवत आले! हसावं का रडावं?

गणूभाऊ म्हणाले, "दादांनी फडक्यानं पुसून बघितलं हुतं. मी म्हटलं, दादा, आता कागद फाटंल. तवा म्हणालं, र्‍हाऊ दे. तिनं भक्तीनं लावलंय. घरात ह्यातलं एक अक्षर बोलू नगंस, जीव खाईल सोताचा."

म्हणून तो बैल! म्हणून तो खाटीक! पोरानं घरी विषय काढला, आता मी 'का विकत नाही' असं विचारलं तर काय सांगायचं, म्हणून तुम्ही आधीच घर डोक्यावर घेतलंत. माझं कुंकू झाकायला! आणि मी येडी, ते वाक्य गळ्यात बांधून सात वर्षं माळ्याखाली बसले. अहो, एकदा सांगायचं तरी! मी पितळेच्या कर्ण्याला लावलं असतं कुंकू. त्याला काय, पुसलं की चकचकीत.

मी पदर तोंडाला लावून इतकी हसले की विलास पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, आईला काहीतरी झालं. झालं होतंच. छातीवरची पाट्याएवढी धोंड कुणीतरी उचलून परसात नेऊन टाकली होती.

"मग आता तरी ह्या चालत्यात का?" मी डोळे पुसत विचारलं.

"आता चालत्यात. माझ्या पुतण्यानं कॉम्प्युटर घेतलाय. लोक म्हणत्यात, जुनं गाणं सीडीवर घालून द्या. त्याला कागद कशाला लागतुया? काळा भाग नीट पायजे. आन् तुमचा काळा भाग, वैनी, कुणी बोट लावलेलं दिसत न्हाई!"

बघा! तुमचा एक हुकूम पाळून घोळ केला आणि तोच हुकूम पाळला म्हणून रेकॉर्डी तरल्या.

मी सगळ्या दिल्या. हो, वेशीचीसुद्धा. विलास म्हणाला, "ती तरी ठेव." पण ती वाजवायला मशीन कुठंय आता? नुसती भिंतीला टांगून तिचं काय करू? तुम्हीच म्हणालात ना, ऐकणाऱ्याच्या घरी जाऊ देत. टेम्पो वळणावरून गेला तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी सासरी धाडल्यासारखं पोटात तुटेल. थोडं तुटलं. खोटं कशाला बोलू? पण त्या दुपारी मी जी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. पाय लांब करून! किती वर्षांनी!

गणूभाऊंना मी एकच मागितलं होतं. सातव्या माळेला त्यांनी ते पाठवलं. एक चकती, तिच्यावर एकच गाणं. विलासनं लावली. आधी नुसती खरखर, अहो, आपली खरखर! मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं, लाटण्यासकट बाहेर आले. गाणं सुरू झालं, आणि बरोब्बर त्या जागी आलं. तीनदा. सुई नाही, रेकॉर्ड नाही, तरी वन्संच्या लग्नातला बैल त्या चकतीत जाऊन बसलाय!

विलास म्हणाला, "आई, पुतण्या म्हणत हुता, हे अडखळणं काढता येतंय. काढू का?"

मी लाटणं उगारलं.

आता उद्याचं. विलास सकाळपासून माझ्या मागे आहे. "आई, सीडीला कुंकू लावू नगंस हां. वाजायची न्हाई." मी त्याला म्हटलं, तुझ्या बापानं हे तीस वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर!

तर अहो, तुम्हाला शब्द देते. उद्या कुंकू लावीन ते चकतीच्या डबीला. चकतीला बोट लावणार नाही, मधेही नाही आणि कडेलाही नाही. आणि आपला जुना कर्णा मी विकलेला नाही, तो चिंचेनं घासून ठेवलाय. सुमी सासरी शिराळ्याला निघेल तेव्हा विलासला झाडावर चढवीन आणि कर्णा शिराळ्याच्या रस्त्याकडे फिरवायला लावीन. आता बैलगाडी नाही, जीप आहे, भुर्रकन जाईल. म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवणार आहे, बाबा, वळणावर जरा थांब. पोरीला तीनदा हाक येईल, ती ऐकून मग जा.

तुमचीच,
हौसा

(अक्षर माझंच. कुंकू कुठंही सांडलेलं नाही, बघून घ्या.)