झाकणावरचं नाव

३ मे
चार वर्षांनी माझा पटावरचा खेळ जवळजवळ पूर्ण. नाव 'युगनिर्माते'. सहा संस्कृती, प्रत्येकीला नेता, शिवाय बारा आश्चर्यं. आपल्याकडे जर्मनीत पुस्तकासारखं खेळाच्या डब्याच्या झाकणावरही करणाऱ्याचं नाव छापतात. 'फोल्कमार हाल्बाख' मोठ्या अक्षरांत लिहून पाहिलं. शोभतं. एल्के म्हणाली, आधी जेवायचं टेबल मोकळं कर, मग इतिहास घडव. बायकोला दूरदृष्टी नाही.

१४ मे
चौघांत पहिली चाचणी. मी, एल्के, मेव्हणी उटे आणि शेजारचे डेटमर (महापालिकेच्या बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त). नियम वाचायला फक्त पावणेदोन तास. उटेला डुलकी लागली. दमली असेल. चंगीझ खान फार हिसकाहिसकी करतो, अशी सगळ्यांची तक्रार. तत्त्वाशी तडजोड करणार नाही.

१५ मे
चंगीझ खानाला तबेला दिला. आता शेजारच्या खेळाडूची हरकत नसेल तरच खानाला एक पोतं गहू मिळतो.

२ जून
डेटमर म्हणाले, अहो हाल्बाख, आग लागली तर पिरॅमिडमधून बाहेर पडायचं कुठून? मी म्हणालो, आतला मेलेलाच असतो. ते म्हणाले, आणि बांधणारे? मी दुर्लक्ष केलं.
रात्री ९. पिरॅमिडला मागचा दरवाजा काढला.

१९ जून
उटेने विचारलं, सगळ्यांचे नेते आहेत, आपला जर्मनांचा कुठाय? कुणाचंही नाव घ्या, कुणाचं तरी तोंड वाकडं. शेवटी डेटमर म्हणाले, मग नेत्याऐवजी समिती घाला. एकमत झाल्याशिवाय वीटसुद्धा रचायची नाही. हरकत कुणीही घ्यावी, पण कारण दर वेळी नवं हवं. लगेच चिठोऱ्यावर लिहून दिलं. निव्वळ पोरकटपणा! एल्के आणि उटे हसून हसून डोळे पुसत होत्या, माझी आश्चर्यं तशीच पडून. चिठोरं खेळाच्या डब्यात ठेवलं, केवळ सभ्यता म्हणून.

२२ ऑक्टोबर
उद्या एसेनचा खेळमेळा. खेळ छापणाऱ्या प्रकाशनाच्या संपादक लिंडेमानबाईंनी अर्धा तास दिलाय. निर्धार: नियम थोडक्यात सांगणे.

२३ ऑक्टोबर
थोडक्यात सांगितले. पाच मिनिटं उरली. घड्याळ बघत बाईंनी डबा चाळला आणि नेमकं ते चिठोरं उचललं. ताबडतोब खुलासा केला की हे शेजाऱ्याचं खूळ, माझं नव्हे. त्या हसायला लागल्या. मी पुन्हा सांगितलं, यात माझा काडीचाही संबंध नाही. त्यांनी आणखी दोघांना बोलावलं आणि तिघं समिती खेळायलाच बसले! मी विचारलं, लेखी देऊ का? त्या म्हणाल्या, द्या की. शेजाऱ्यांचा फोन नंबरही द्या.
दिलं. सहीसकट. आपला स्वभावच सरळ.

११ डिसेंबर
करार झाला. डेटमरांशी. नेते, आश्चर्यं सगळं गाळून फक्त समिती. झाकणावर डेटमर.
चाचणीला बोलावलं म्हणून गेलो. दारातच ते ओशाळून म्हणाले, अहो, तुमच्या घरी सुचलं, तर तुमचंही नाव घाला म्हणून मी भांडलो हो. पण प्रकाशनवाले म्हणतात, काडीचाही संबंध नसल्याचं तुम्ही लेखी दिलंय.
मग खेळलो. चुकून मी अशी काही हरकत घेतली की उटे खुर्चीवरून पडता पडता वाचली. एल्के तर टेबलावर डोकं ठेवून हसत होती. चार वर्षं मी तिला रोज खेळायला बसवलं. ती माझ्या खेळात एकदाही अशी हसली नव्हती. फार वाईट वाटलं. आणि मजाही आली.