शेवटचा टाका मोकळा ठेवावा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, रुग्णालयाच्या धुलाईखात्यातून चादरी आणि अभ्रे दुरुस्त करण्याच्या कामावरून निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कोणी फूस लावलेली नाही, आणि फूस लावण्याइतका वेळ माझ्याजवळ बसायला कोणाला सवडही नाही. मी थकलेली आहे. थकवा म्हणजे भ्रम नव्हे, असे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे.

हे लिहिण्याचे कारण एकच. माझ्या हृदयाची एक झडप नीट चालत नाही. माझे यजमान, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, त्यांना गेली काही वर्षे माणसांची, दिवसांची आणि घराची ओळख राहिलेली नाही. मी त्यांच्या आधी गेले तर त्यांच्याजवळ कोण बसेल, एवढ्यासाठी हा कागद आहे. घर, दागिने, भांडी हे त्याच्या मागून येते. वकीलसाहेबांचे म्हणणे, आधी मिळकत लिहावी, मग इच्छा. मी उलटे लिहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

कलम पहिले, पांघरुणाबद्दल.

खिडकीखालच्या खुर्चीवर लोकरीचे एक पांघरूण आहे. क्रोशाच्या सुईने विणलेले, राखाडी आणि विटकरी, अर्धवट. मिस्त्रींना सारखी थंडी वाजते म्हणून मी ते त्यांच्यासाठी विणायला घेतले होते. अजून विणतेच आहे. ते पुरे होत नाही, कारण मी सकाळी विणते आणि ते दुपारी उसवतात.

मिस्त्रींचे आयुष्य मोटारी भरण्यात गेले. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. पंप किंवा पंखा जळला की आतली जळकी तार काढायची आणि तितकेच वेढे नव्या तारेचे घालायचे, याला मोटार भरणे म्हणतात. पेठेमागच्या गल्लीत त्यांचे एका माणसाच्या रुंदीचे दुकान होते. दुसरा माणूस आत आला तर पहिल्याने बाहेर उभे राहायचे. ते दुकान, तो रस्ता, आम्ही सगळे त्यांच्या डोक्यातून पुसले गेलो, पण हातांना काम आठवते.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या विणकामाचे टोक धरून ओढायला सुरुवात केली तेव्हा मी चिडले होते.

"अहो, काय करताय? सोडा ते."

"बाई, ही जळलीय," ते शांतपणे म्हणाले. "काढावी लागेल."

"लोकर आहे ती. जळायला काय झालं तिला?"

"जळली की जळली. गिऱ्हाईकाला काय सांगणार तुम्ही?"

दिवे लागेपर्यंत त्यांनी सगळी लोकर काढली आणि वेढ्याला वेढा चिकटवून तिचा असा देखणा गुंडा केला की मला जन्मात तसा जमला नाही. तो माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "भरून ठेवा. उद्या न्यायला येतील." मी त्यांची बायको आहे हे त्यांना ठाऊक नाही. मी दुकानात कामाला ठेवलेली बाई आहे. माझ्या कामावर ते खूश असतात. पगाराचा विषय मात्र काढत नाहीत.

त्याआधीच्या दुपारी कशा जात ते घरच्यांना माहीत आहे. दार धडकावत राहायचे, "मला दुकानात जाऊ द्या, माणसं खोळंबलीत." एकदा खिडकीची काच हाताने फोडली. पांघरूण हाती लागल्यापासून ते खुर्चीत बसतात, उसवतात, गुंडाळतात आणि जेवतात. म्हणून मी रोज विणते. मला या विणकामाचा वीट आला आहे, हेही नोंदवून ठेवते. टाक्यांचे तेच खांब, त्याच साखळ्या, तीच लोकर, आणि लोकरही आता ओढून ओढून पिंजली आहे. सकाळी जेवढे तयार होते तेवढे मी विणता विणता त्यांच्या गुडघ्यांवर टाकत जाते. तेवढा वेळ ते खरोखरीचे पांघरूण असते. रात्रीच्या थंडीला बाजारचे ब्लँकेट आहे.

क्रोशाच्या विणकामात शेवटचा एक टाका नेहमी मोकळा असतो. त्यातून धागा ओढून गाठ मारली की काम बंद होते. या पांघरुणाला ती गाठ कोणीही, कितीही प्रेमाने, मारू नये.

हे एवढे ठासून का लिहिते, तर असे एकदा झाले आहे. झडपेच्या तपासणीसाठी मला रुग्णालयात राहावे लागले. तेवढ्यात माझ्या लेकीने ते पांघरूण ओळखीच्या एका विणणाऱ्या बाईंकडून पुरे करून आणले. चारी बाजूंनी कड, गाठ पक्की, टोक आत लपवलेले. "बाबा कुडकुडतात आणि आई मरेस्तोवर तेच तेच करत बसते," असे तिने नवऱ्याला सांगितले होते. तिचे काय चुकले? मिस्त्रींनी मात्र दिवसभर त्या कडेने टोक शोधले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. नखे उलटून रक्त आले तरी थांबले नाहीत. "दुकान कोणी बंद केलं?" एवढेच विचारत होते. दुकान खरोखर बंद केले त्या दिवशी ते एक शब्द बोलले नव्हते, ते सगळे या कडेपाशी बाहेर आले. मी घरी आल्यावर कात्रीने गाठ कापली, टोक ओढून काढले आणि त्यांच्या बोटांत दिले. "सापडलं," म्हणाले आणि कामाला लागले.

लेक स्वयंपाकघरात रडत होती. मी तिला म्हटले, "अगं, पांघरूण पुरं करायचंच असतं. हे पांघरूण नाही, एवढंच." तिने मान डोलावली. तिला पटले की नाही, मी विचारले नाही. मी जाऊन आडवी झाले.

कलम दुसरे, घराबद्दल.

हे घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. मिस्त्री हयात असेपर्यंत त्यांना इथेच राहू द्यावे. डॉक्टरांनीच सांगितल्याखेरीज त्यांना हलवू नये. घराची मालकी माझ्यामागे लेक आणि जावई या दोघांच्या नावे, सारख्या हक्काने करावी. जावयाच्या नावे घर केले म्हणून चार ठिकाणी तोंडे वाकडी होतील याची मला कल्पना आहे. ज्यांना वाकडी करायची त्यांनी आधी एक दुपार मिस्त्रींजवळ बसून दाखवावे.

जावईबापू बस चालवतात. रक्ताने लाल झालेली ती कड पाहिल्यावर चार दिवसांनी ते माझ्यासमोर येऊन बसले.

"आई, मला शिकवा."

"तुम्हाला? तुमचे हात स्टेअरिंगचे."

"शेवटी उसवायचंच आहे ना? मग वाकडं झालं तर बिघडलं कुठं?"

आमच्या घरात हुशार माणसांची वाण नाही, पण हे त्यांनाच सुचले. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असते तेव्हा ते विणतात. डेपोतली मंडळी त्यांना "सासूबाई" म्हणतात. त्यांचा टाका इतका सैल असतो की त्यातून माझे बोट आरपार जाते. लेकीचा टाका उलट इतका आवळलेला, की मिस्त्रींना उसवताना दात लावावे लागतात. तेव्हा विणायचे काम जावयांनी करावे आणि लेकीने वडिलांना जेवू घालावे. जावयांच्या पहिल्या तुकड्याला मिस्त्रींनी हात लावला आणि म्हणाले, "नवीन माणूस दिसतोय. होईल तयार." त्या दिवशी जावई आनंदाने दोन वेळा जेवले.

त्यांना आणखी एक अट घालते. आठवड्यातून एक दिवस त्यांनी मिस्त्रींजवळ बसू नये. दुसऱ्या कोणाला तरी बसवावे आणि स्वतः बाहेर जावे, नाहीतर झोपावे. मला असा दिवस कधी मिळाला नाही.

कलम तिसरे, मुलाबद्दल.

माझा मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी करतो. त्याला घरात वाटा दिला नाही, पण तो वाईट आहे म्हणून नाही. त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय हवा असतो, आणि इथे उपाय नाही. "ते उसवणारच, तर विणतेस कशाला? नुसते गुंडे दे," असे तो म्हणाला. मी देऊन पाहिले. मिस्त्रींनी गुंडा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हे तर सुटंच आहे. यात काम काय?" मुलाच्या आग्रहाखातर मी त्याच्याबरोबर एक संस्थाही पाहून आले. स्वच्छ होती, तिथल्या बाई मायाळू होत्या. मी विचारले, इथे लोकर आणि सुई चालेल का? त्या म्हणाल्या, सुई, कात्री, दोरा काहीच आत येत नाही, कोणी गळ्याला लावून घेतो. त्यांचा नियम त्यांच्या जागी बरोबर असेल. आम्ही तसेच परत आलो.

बँकेतली ठेव त्याला द्यावी. मिस्त्रींचे तार गुंडाळायचे हातयंत्रही त्यालाच द्यावे. शाळेत जायच्या आधी तो त्याचा दांडा फिरवायचा आणि मिस्त्री त्याला "थांब" म्हणेपर्यंत थांबायचा नाही. त्याने ते न्यावे, किंवा इथेच ठेवून कधी येऊन फिरवावे. येऊन फिरवले तर मला आवडेल.

कलम चौथे, नणंदेबद्दल.

माझे मोठे पितळी पातेले नणंदेने कार्यासाठी नेले ते परत आले नाही. मी विचारले की ती म्हणते, "वहिनी, कुठलं गं पातेलं?" ते पातेले मी तिला या कागदान्वये देत आहे. त्यात भात शिजवताना आता तिला मोकळा श्वास घेता यावा. भाऊ आजारी पडल्यापासून ती दोनदा आली. दोन्ही वेळा मला म्हणाली, "तुझं बरं आहे, विणत बसतेस." तिला याहून जास्त काही देण्याची माझी इच्छा नाही.

कलम पाचवे.

हातातल्या दोन बांगड्या लेकीला. क्रोशाच्या सुया जावयांना. जाड सुई आधी वापरावी, बारीक सुईने त्यांचे डोळे जातील. माझ्या साड्या धुलाईखात्यात माझ्यामागून लागलेल्या बायकांना वाटाव्यात. माझ्या अंगावर महागाचे काही घालू नये.

कलम सहावे आणि शेवटचे.

मिस्त्री माझ्या आधी गेले तर पहिल्या कलमाची गरज उरत नाही. मला तसेच व्हावे असे वाटते. वकीलसाहेब म्हणाले, "काकू, हे काढून टाका, वाचणाऱ्याला कसंतरी होईल." होऊ दे. ते आधी जावेत, काळजी मिटावी, आणि मला थोडे दिवस नुसते पडून राहायला मिळावे, असे मला वाटते. त्यांच्यावर माझा जीव आहे. जीव नसता तरी झोप एवढीच आली असती.

पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून तसे होईलसे दिसत नाही. म्हणून पुढचे लिहिते.

मी गेल्याचे मिस्त्रींना सांगू नये. दुपारी ते विचारतील, "त्या बाई आल्या नाहीत?" तेव्हा "आज सुट्टीवर आहेत" म्हणावे आणि विणकाम हातात द्यावे. दुसऱ्या दिवशी विचारतील तेव्हाही तेच म्हणावे. हळूहळू विचारायचे थांबतील. त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये, मीही घेणार नाही.

मात्र आमच्या दोघांतच चालणारे माझे एक नाव आहे. मिस्त्री मला त्या नावाने हाक मारत ती आम्ही दोघेच असताना. मुलांच्या कानावर ते कधी पडलेले नाही. ते नाव मी आज लेकीला सांगून ठेवले आहे. एखाद्या दिवशी "बाई" न म्हणता त्यांनी त्या नावाने मला विचारले, तर सुट्टीचे खोटे सांगू नये. त्यांच्या हातातली लोकर बाजूला ठेवावी, जवळ बसावे, आणि मी गेले असे सांगावे. तेवढा वेळ ते पुन्हा माझे यजमान असतील, आणि आपली बायको गेली हे त्यांना कळले पाहिजे. रडले तर रडू द्यावे.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो मला मान्य आहे. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याइतकी ताकद नाही, म्हणून हेच अखेरचे समजावे.

सही,
मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर त्यांनी सही केली. त्या शुद्धीवर होत्या. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानातले कंपाउंडर. सही.

साक्षीदार दुसऱ्या: समोरच्या दारातल्या निवृत्त शिक्षिका. सही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: वकीलसाहेबांच्या शिक्क्यावर आहे तीच.