खाली बसणारी गाडी

सोमवार, ४ मार्च
सकाळी आमची फोर-बाय-फोर गाडी मागच्या डाव्या चाकावर खाली बसलेली. शेजारचे काका म्हणाले, पंक्चर. हसू आलं. याला एअर सस्पेन्शन म्हणतात, स्प्रिंगऐवजी गाडी हवेच्या रबरी फुग्यांवर उभी असते, हे समजावून सांगत होतो, तर काका मधेच दूध आणायला गेले. इंजिन सुरू करताच गाडी उभी. किरकोळ काहीतरी. मीच बघेन. हवा माझा विषय. पंख्यांच्या कंपनीत आहे. (हिशेब खात्यात. पण कानावर पडतंच.)

बुधवार, ६ मार्च
पुन्हा बसली. बायको म्हणाली, माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन जवळ आलंय, घरी आणायला गाडी लागेल, गॅरेजला दाखवून टाक. म्हटलं, अगं, आईंसाठीच तर ही घेतली. बटण दाबलं की खाली वाकते. बायको म्हणाली, हल्ली न दाबताही वाकते.
टोमण्यांना उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय.

शनिवार, ९ मार्च
गाडीतला दोष सांगणारा स्कॅनर आणला. गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरचा एरर कोड! नवा सेन्सर स्वतः बसवला. गाडी ताठ. बायकोला बाल्कनीतून दाखवली.

रविवार
उजवीकडे कलली. म्हणजे दोष घाबरून पळतोय.

रविवार, दुपार
सेन्सर उलटा बसला होता. सुलटा केला. डावीकडे बसली.

मंगळवार, १२ मार्च
गाडी पूर्ण उंच करून खाली झोपलो. फुग्यांवर साबणाचं पाणी मारलं. एक बुडबुडा नाही. गळती नाही, हे सिद्ध. डोळा अजून चुरचुरतोय.

गुरुवार, १४ मार्च
बायकोच्या समाधानासाठी गॅरेज. तिथे गाडी शहाण्या मुलीसारखी उभी. मेकॅनिक म्हणाला, ठेवून जा, बसेल तेव्हा बघू. म्हटलं, जो दिसत नाही तो दोषच नाही. परत आणली. फाटकात शिरताच बसली.

शनिवार, १६ मार्च
फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याचा स्विच, बदलला. विषय संपला. सासूबाईंना फोन करून म्हटलं, गाडीची काळजी नको. म्हणाल्या, मी कुठे करतेय? माझं सगळं लक्ष खुब्यात आहे.

शुक्रवार, २२ मार्च
सासूबाईंना डिस्चार्ज. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली आणि चारचौघांसमोर बटण दाबलं. गाडी अदबीने वाकली. सिस्टर ओरडली, अहो, खुब्याच्या पेशंटला खालची सीट अजिबात चालत नाही, वर घ्या!
हे आधी कोणी बोललं नव्हतं. (बायको म्हणते, मी बोलले होते. असेल.)
वरचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, थकला, गप्प झाला. गाडी आणखी खाली गेली. मागे अँब्युलन्स हॉर्न देतेय. वॉर्डबॉय ढकलायला आले, तर चाकं मडगार्डला घासायला लागली. सासूबाई व्हीलचेअरवरून शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, हिला ॲडमिट करा. माझी खाट रिकामी झालीय.
मायलेकी टॅक्सीने घरी. मी टोइंगवाल्याची वाट बघत.

मंगळवार, २६ मार्च
गॅरेजचा फोन. फुग्याच्या घडीत चीर आहे. गाडी खाली असली की उघडते, उंच केली की मिटते. म्हणजे माझी साबणाची पद्धत बरोबरच होती. उंची चुकली.

शुक्रवार, ५ एप्रिल
गाडी ठणठणीत. आज सासूबाईंची तपासणी. सकाळपासून काच पुसून तयार होतो. त्या टॅक्सीने गेल्या. मागोमाग मी, गाडीत त्यांचा वॉकर घेऊन.
वॉकरला रस्त्यातला एकही खड्डा जाणवला नाही.