जनरलसाहेब भेस्तानला आले

नवागाम, सुरत
२१ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप आप्पांना धाकट्या जावयाचा दंडवत.

गुडघे कसे आहेत? इथे प्लेग ओसरला, माणसं परतली. संस्कृतच्या तासाला पोरं पूर्वीसारखीच झोपतात, म्हणजे शाळाही ठीक.

तुमच्या इटालियन जनरलसाहेबांची हल्ली फार आठवण निघते. पहिल्या महायुद्धात त्यांची पलटण पळाली, तेव्हा परतलेल्यांना रांगेत उभं करून त्यांनी दर दहावा माणूस गोळीने उडवला आणि पदक मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत स्वतःच पांढरं निशाण घेऊन पुढे आले, इस्त्रीच्या शर्टांच्या पेट्यांसकट. संस्कृतात याला ‘अपसरण’ म्हणतात. मोठ्या माणसाला शब्दही मोठा लागतो. मग हिंदुस्थानातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत तुम्ही त्यांना दाढीचं गरम पाणी नेऊन देत होता.

तर, तुमचे थोरले चिरंजीव भटूभाऊ भेस्तानच्या लूम कारखान्यात सुपरवायझर झाले. प्लेगमध्ये कारागीर गावी पळाले, माग बंद पडले, शेठ म्हणाले धाक बसवा. भटूभाऊंनी परतलेल्यांना अंगणात उभं केलं, तुमची गोष्ट सांगितली, अगदी तुमच्या हातवाऱ्यांसह, आणि मोजत निघाले. दर दहाव्याचं काम बंद, कारखान्याची खोलीही खाली. गोळ्या महाग पडल्या असत्या.

लक्ष्मण कसा आहे, असं मागच्या पत्रात विचारलंत. लक्ष्मण दहावा निघाला.

तो पळाला नव्हता, आप्पा. बायकोचे, सुषमाचे, दिवस भरत आले होते म्हणून थांबला. बंद कारखान्याची राखणही त्यानेच केली. रांगेतली माणसं म्हणाली, हा तर इथेच होता, वर तुमचा सख्खा भाऊ. भटूभाऊ म्हणाले, “जनरलने सख्खा भाचा सोडला नव्हता. आप्पांना विचारा.”

सुषमा आणि तान्ही मुलगी आमच्याकडे आहेत. मुलीचा ताप उतरत नाही. लक्ष्मण पर्वत पाटियापर्यंत काम मागून आला. पण ज्याला भावानेच काढलं तो चोरच असणार, असं धरून कोणी उभं करत नाही. भटूभाऊंचा निरोप आहे की आप्पांना कळवा, अभिमान वाटेल. कळवलं.

काल लक्ष्मण म्हणाला, “दाजी, आम्ही लहान असताना त्या गोष्टीत भाचा नव्हता.”

भाचा खरा असेल तर मला एका ओळीत कळवा. नसेल, तर पत्र माझ्या नावाने नको, लक्ष्मणच्या नावाने टाका.

तुमच्या गोष्टींना इतकी वर्षं मान डोलावणारा,
श्रीरंग