आई तुझ्याकडेच झोपते

मुलुंड पूर्व,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

श्रुतू,

तुला आणि विकीला ताईचे आशीर्वाद. सगळे बरे असालच. इकडेही ठीक. निलेश मजेत. शेजारची मानसी मरोळला येतेय, तिच्याबरोबर आईच्या साड्या पाठवतेय, त्यातच ही चिठ्ठी. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण आजकाल फोन माझ्या हातात कमीच असतो.

काल आईच्या झोपेचे रिपोर्ट आणले. पहिली रात्र माझ्या घरची, दुसरी तुझ्या. डोक्याला चिकटवलेल्या तारा त्याच, गोळ्या त्याच, आई तीच. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. माझ्याकडे आई झोपली होती म्हणे, पण मेंदूच्या लहरी बारीक, घाईघाईच्या, जाग्या माणसासारख्या. "डोळे मिटलेत, पण मेंदू पहाऱ्यावर आहे. निद्रानाशात असं दिसतं," म्हणाल्या. आणि तुझ्याकडे? मोठमोठ्या संथ लहरी. गाढ झोप! त्या खूश झाल्या. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं सांगू? जळते मी तुझ्यावर. तीन वर्षं आई माझ्याकडे आहे. तिला वेगळी खोली दिली, चांगली गादी घेतली, रोज जायफळ घालून दूध देते, पायांना तेल लावते. आणि ही बया तुझ्या त्या एवढ्याशा हॉलमध्ये, विकीचा टीव्ही चालू, वरून विमानं जातायत, तिथे ढाराढूर! वर मला फोन करून सांगते, "माका हयसर बरी झोप लागता गो." वाटलं, फोन भिंतीवर आपटावा. लहानपणापासून हेच. राबायचं मी आणि लाडकी तू. तू नुसती गळ्यात पडलीस की झालं!

मग डॉक्टरीणबाईंनी माझ्या घरच्या आलेखावर बोट ठेवलं. "इथे लहरी एकदम उसळल्यात. नंतर बराच वेळ तशाच. घरात रात्री कसला आवाज होतो का?"

मी म्हटलं, "लिफ्टचा."

श्रुतू, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तीन मजले चढताना तू दर वेळी शिव्या घालतेस.

घरी येईपर्यंत मी तुझ्यावरच धुमसत होते. ही येते कधी, करते काय, आणि आई मात्र हिचीच! दारात पोचले, कुलपात चावी फिरवली आणि त्या आवाजाने मीच दचकून मागे सरले. घरात कोणी नव्हतं गं. तरीही.

निलेश उशिरा येतो. चावी फिरते. जेवण गार का, दिवसभर कोणाशी बोललीस, इथून सुरू होतं. हातही उठतो. हे तुला कधी सांगितलं नाही, कोणालाच नाही. आई आत झोपलेली असते, तिला काही कळत नाही, असं समजून मी चालले होते. सकाळी ती विचारायची, "चेडवा, चाय घेतलंस?" आणि माझ्या मनगटांकडे बघायची. मी बाह्या खाली ओढायचे.

ती माझी राखण करत होती, श्रुतू. झोपेतसुद्धा. घे, आता जळायची पाळी तुझी!

मस्करी सोड. आईला आता परत पाठवू नकोस. ती ऐकणार नाही. "शीतल थंय एकटी आसा" म्हणून बॅग भरायला घेईल. मी इथे आहे तोवर ती कुठेच धड राहायची नाही. म्हणून मंगळवारी निलेश कामावर गेला की मी येते. दोन दिवसांसाठी नाही. जागा नाही वगैरे मला सांगू नकोस, आणि त्याचा फोन आला तर उचलू नकोस.

आईने विचारलं, ताई कशाला आली, तर सांग, झोपायला आलीय.

तुझी जळकुकडी
ताई