हारुन ओव्हररेटेड नाही

रुवैस, शुक्रवार

प्रिय पर्सी,

हारुनबद्दल तू इतकी वर्षं जे बोलत आलास ते चूक होतं, चूक आहे आणि चूकच राहील. तू फोन उचलत नाहीस, ईमेल उघडत नाहीस, तेव्हा कागदावर भांडण्यावाचून इलाज नाही. माझं अक्षर लागत नसेल तर सुझीकडून वाचून घे, पण ऐक.

पूर्वीचे शुक्रवार आठव. नाश्ता उरकून आपण कुंपणापाशी खुर्च्या टाकायचो. समोर वाळू, मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅट, आणि मागे रिफायनरीची ज्योत, भर उन्हातही जळणारी. टीम आपल्याच कंपनीची. समोरच्या टीमला आपण कधी नावं ठेवली नाहीत, वेळच मिळायचा नाही. सगळी सालटी आपल्याच लोकांची काढायची. तुझी व्याख्या अख्ख्या कॅम्पला पाठ होती: ज्याच्यासाठी बॅटिंगच्या आधीच टाळ्या वाजतात तो ओव्हररेटेड. म्हणजे हारुन. कॉलर वर, डोळ्यावर गॉगल, चालत यायचा असा की मोठ्या स्टेडियमच्या पायऱ्या उतरतोय, आणि उतरलेला असायचा पिकअपमधून! मी म्हणायचो, हारुनला सोड, खरा ओव्हररेटेड आपला कीपर, कमरुद्दीन. उभ्याने धरायचा बॉल तो लोळून धरतो आणि पब्लिक वा वा करतं. यावरून तू माझ्याशी एकदा अबुधाबीपर्यंतच्या अख्ख्या रस्त्यात बोलला नव्हतास. मागच्या सीटवर आपल्या बायका, आणि छाया सुझीला विचारत होती, ही ह्यांची टीम आहे की सासर?

मग ते मंदीचं वर्ष आलं. दुबईतल्या क्रेन थांबल्या तेव्हा आपण म्हणालो, ते दुबईचं झालं, आपण तेलावर बसलोय. पण आपल्या रिफायनरीचं फेज टूचं बांधकाम थांबलं आणि तुझ्या डिपार्टमेंटला मीटिंगला बोलावलं. तू बाहेर आलास आणि मला एवढंच विचारलंस, ‘सूर्या, शुक्रवारी मॅच आहे ना?’ शुक्रवारी आलास, हारुनला पोटभर शिव्या घातल्यास आणि पुढच्या आठवड्यात कायमचा वसईला गेलास. एअरपोर्टवर सुझी रडत होती आणि तू बॅगा उचलून उचलून वजनाचा अंदाज घेत होतास. मला वाटलं, बरा आहे हा. सावरेल.

माझी नोकरी राहिली, पण फॅमिली स्टेटस गेलं, बायकोमुलाला इथे ठेवता येईना. छाया आणि सुयश आता पुण्यात. सुयशला फोन केला की तो म्हणतो, ‘आय अ‍ॅम फाइन बाबा, आईला देऊ?’ आणि मी ‘दे’ म्हणतो. घर काढून घेतलं, आता मी बॅचलर ब्लॉकमध्ये आहे. जेवण मेसमध्ये. तुझ्या जागी आलेला मुलगा सज्जन आहे, केरळचा. त्याला एकदा मुद्दाम सांगितलं की कमरुद्दीन ओव्हररेटेड आहे. तो म्हणाला, ‘येस सर.’ तिथेच विषय संपला. हल्ली मी तुझी बाजूही मीच मांडतो, मनातल्या मनात. आणि गंमत म्हणजे तू तिथेही माझं ऐकत नाहीस.

आता आजची मॅच. कमरुद्दीन मागच्या महिन्यात गावी गेला, कायमचा. आणखी चौघं आधीच गेलेले. आज अकरा होईनात. तेव्हा हारुन थेट माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, ‘सूर्यकांतभाई, उठो. यल्ला, चलो.’ मी त्रेपन्न वर्षांचा, गुडघे असे, पायात सेफ्टी शूज. पण उठलो. फील्डिंगला मला अशा जागी उभं केलं जिथे बॉल येतच नाही, आणि आला तो पायाखालून गेला. शेवटच्या नंबरवर बॅटिंगला गेलो तेव्हा समोर हारुन टिकून होता, छान खेळत होता, हे लिहून ठेव. मी बॉल ढकलला, जोरात ‘यल्ला’ ओरडलो आणि जागचा हललो नाही. का ते विचारू नकोस, घाबरलो. हारुन अर्धी पिच ओलांडून आला होता. रनआउट. मॅच खलास.

वाटलं, आता हा बॅट फेकणार. तो शांतपणे माझ्यासोबत कुंपणापाशी आला आणि माझ्या शेजारी, तू बसायचास तिथे, वाळूतच बसला. गॉगल काढला. पर्सी, त्या माणसाचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले, लहान आहेत, थकलेले. म्हणाला, ‘पर्सीभाई मेरे बारे में क्या बोलते थे? सच बताओ.’ मी सगळं सांगितलं, टाळ्यांचंही. तो हसला. मग म्हणाला, ‘सही बोलते थे. लेग स्टंप का बॉल मेरे को समझता ही नहीं. सबको मालूम था, बोलता एक ही आदमी था.’ गॉगल पुसत म्हणाला, ‘मैं बैटिंग को जाता तो पहले उनकी आवाज ढूँढता था. आज भी ढूँढा.’ त्यालाही नोटीस मिळाली आहे. तो हैदराबादला जाईल. पुढच्या शुक्रवारी टीम असेल असं वाटत नाही.

त्याने स्वतः कबूल केलं तरी मी कबूल करत नाही. तू इथे असतास तर आपण त्याच्यासमोरच भांडलो असतो, आणि तो मधे बसून ऐकत राहिला असता.

पर्सी, परवा सुझीचा फोन आला होता. ती मला तुझ्यावर रागावू नका म्हणाली, तसा हे सांगितलं म्हणून तूही तिच्यावर रागावू नकोस. तू खोलीच्या बाहेर येत नाहीस. चर्चला जात नाहीस, दाढी करत नाहीस, विचारलेल्याला उत्तर देत नाहीस. डॉक्टरांचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतोस. ती मला म्हणाली, ‘भावजी, हा शेवटचा मोठ्याने बोलला तो तुमच्याशी. त्याच्याशी भांडा ना.’ म्हणून दुपारपासून हे भांडण लिहितोय. पण लिहिता लिहिता कळलं की कागदावर नाही जमत रे. मी रजा टाकली आहे. छायाला सांगितलंय, पुण्याला नंतर येईन, आधी वसई. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मलाही हल्ली गप्प बसायची सवय झाली आहे. तुझ्या खोलीत दुसरी खाट टाकायला सुझीला सांगितलं आहे. मग तुला वाटेल त्या दिवशी आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. मी बाहेर थांबत नाही, तुझ्याबरोबर आत येतो.

तुझाच,
सूर्या