इंदूताईंचं क्वार्टर

रायपूर, जानेवारी २००१

ती. आईले वनूचा पायांवर माथा.

पेपरात वाचून घाबरली असशील. नव्या राज्यासाठी भोपाळहून आलेल्या आम्हा बदलीवाल्यांना बूढ़ापाऱ्यातल्या ज्या हॉटेलात ठेवलं, तिथंच परवा सकाळी आग लागली. मी सुखरूप आहे. ओला टॉवेल तोंडाला बांधून, भिंत धरत जिन्यानं खाली आले. थोडा खोकला आहे, बस.

शेजारच्या खोलीतल्या इंदूताई मात्र गेल्या. माझ्याच ऑफिसातल्या. तुझ्यासारखेच गुडघे दुखायचे त्यांचे. मी म्हटलं, "जिन्यानं चला, मी धरते तुमाले."

"तू हो पुढं पोरी, मी लिफ्टनं येते."

लाईट गेली, लिफ्ट मधेच अडकली. उघडली तोवर धुरानं त्यांचा जीव गेला होता.

भोपाळहून त्यांची लेक देवश्री आली. मले विचारत होती, "मौसी, मम्मी सीढ़ी से क्यों नहीं आई?" मी तिला नुसतं जवळ घेतलं.

बाबा औषध घेऊन राहिले ना?

इंदूताईंनी मागितलेलं तळमजल्याचं क्वार्टर काल मंजूर झालं. साहेब म्हणाले, "अब आप ले लीजिए, माँ को भी ला सकेंगी." मी अजून हो म्हटलं नाही. तूच सांग आई, घेऊ का?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
वनमाला